अख्खा महाराष्ट्र लाव्हाचा, मग लाव्हाच्या गुहा कुठे आहेत?

डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर दिवा, पाच-सहा जणांची रांग आणि समोर काळ्या-तांबड्या दगडाचा रेल्वेच्या बोगद्यासारखा गोल बोगदा. आइसलँड किंवा हवाईमधला असा रील तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे असं काही आहे का?"

प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची दरी, विदर्भातली काळी कसदार जमीन हे सगळं ज्वालामुखीच्या लाव्हातून आलेलं आहे. जिथे इतका लाव्हा वाहिला, तिथे लाव्हाच्या गुहाही ढिगाने असायला हव्यात, असं वाटणं साहजिक आहे. पण तशा त्या नाहीत. ज्या छोट्या लाव्हा गुहेचा सविस्तर शास्त्रीय अभ्यास झाला, ती पुण्याजवळ आहे आणि तिची जास्तीत जास्त रुंदी १०८ सेंटिमीटर आहे, म्हणजे आपल्या घरातल्या दारापेक्षा थोडीशीच जास्त.

असं का झालं? लाव्हा गुहा ओळखायची कशी? आणि कुणी "गाइडेड टूर"ला नेतो म्हणालं, तर पैसे भरण्याआधी काय विचारायचं? हे सगळं समजून घेऊ. सुरुवात करू यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनपासून, कारण तिथे या गोष्टीचं एक टोक आहे.

मुकुटबन: जिथे लाव्हा संपतो

झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन हे माजरी–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन. अलीकडे हे नाव ऐकू येतं ते सिमेंटमुळे. बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा मोठा सिमेंट कारखाना २०२२ साली इथे सुरू झाला. सिमेंटला लागतो चुनखडीचा दगड, आणि तो या भागात भरपूर आहे.

गंमत अशी, की चुनखडीचा दगड लाव्हातून होत नाही, तो समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांतून होतो. पैनगंगेच्या खोऱ्यातली ही चुनखडी सुमारे शंभर कोटी वर्षं जुनी आहे. महाराष्ट्रावर लाव्हा पसरला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. पश्चिमेला सह्याद्रीत लाव्हाच्या थरांची एकूण जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. वणी–मुकुटबनच्या पट्ट्यात लाव्हाची ही चादर इतकी विरळ होते, की तिच्याखालची चुनखडी आणि कोळसा वर डोकावू लागतात.

म्हणूनच या एकाच तालुक्यात दोन्ही दगड बघायला मिळतात. एकीकडे मुकुटबनची चुनखडी. दुसरीकडे शिबला-पारडी परिसरात काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामात उघडे पडलेले बसाल्टचे खांब. कुणीतरी घडवून रचून ठेवल्यासारखे दिसणारे हे अनेक बाजूंचे खांब म्हणजे थंड होताना आकसून तडकलेला लाव्हा. तलाव आटल्यावर तळाच्या चिखलाला भेगा पडतात, तसाच हा प्रकार. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिलही याच जातीची.

दोन्ही दगडांत गुहा होऊ शकतात, पण अगदी वेगळ्या पद्धतीने. तो फरक कळला की निम्मं कोडं सुटतं.

लाव्हा गुहा तयार कशी होते?

दूध तापवून ठेवलं की वर साय धरते आणि खाली दूध गरमच राहतं. लाव्हाचंही तसंच होतं. अकराशे-बाराशे अंश सेल्सियसचा लाव्हा उतारावरून वाहू लागला, की हवेला लागलेला वरचा भाग आधी थिजतो आणि त्याचं कवच बनतं. हे कवच आतल्या लाव्हाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे कवचाखालचा लाव्हा वाहतच राहतो. अशा बंद नळीतून जाताना एका किलोमीटरमागे त्याचं तापमान जेमतेम अंशभर उतरतं.

पुढे ज्वालामुखीतून येणारा लाव्हा थांबतो. नळीतला उरलासुरला लाव्हा उताराने पुढे निघून जातो. मागे उरते पोकळ नळी. हीच लाव्हा गुहा.

यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. लाव्हा पातळ हवा, जमिनीला उतार हवा आणि आतला लाव्हा वेळेत रिकामा व्हायला हवा. पातळ, गुळगुळीत, दोरखंडाच्या वळ्यांसारखा पृष्ठभाग असलेल्या लाव्हाला हवाई बेटांच्या भाषेत 'पाहोएहोए' म्हणतात. भूशास्त्रात जगभर हाच शब्द चालतो. लाव्हा गुहा मुख्यतः याच प्रकारच्या लाव्हात होतात.

हवाईतली काझुमुरा ही जगातली सर्वांत लांब लाव्हा गुहा ६५ किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे पुण्यात गाडीत बसून लोणावळ्याला उतरेपर्यंत जेवढं अंतर कापतो, जवळपास तेवढं जमिनीखालून.

मग अजिंठा, वेरूळ, बोरा या कोणत्या गुहा?

आपण मराठीत सगळ्या पोकळ्यांना सरसकट 'गुहा' म्हणतो. इथेच गोंधळ होतो. साधारण चार प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे.

एक, लेणी. अजिंठा, वेरूळ, कार्ला, भाजे, कान्हेरी. दगड लाव्हाचाच, पण पोकळी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. भिंतीवर हत्याराच्या खुणा आणि सरळ कोपरे दिसतात.

दोन, घळी आणि कपारी. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा मऊ, लालसर मातीसारखा थर असतो. पाणी आणि वारा तो आधी खातात, वरचा कठीण दगड छपरासारखा उरतो. आपल्या डोंगरांतल्या कितीतरी 'नैसर्गिक गुहा' अशा झिजेतून झाल्या आहेत. त्या लाव्हाच्या दगडात असल्या तरी लाव्हाच्या वाहण्यातून झालेल्या नसतात.

तीन, चुनखडीच्या गुहा. आंध्र प्रदेशातल्या बोरा आणि बेलम, छत्तीसगडच्या बस्तरमधली कुटुमसर. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि हजारो-लाखो वर्षांत चुनखडी विरघळवत जातं. छतातून लोंबणारे पांढुरके सुळके ही यांची ओळख.

चार, खऱ्या लाव्हा गुहा. आत गोल किंवा अर्धगोल बोगदा. भिंतीवर लाव्हाची पातळी टप्प्याटप्प्याने उतरल्याच्या आडव्या कडा. कुठे काचेसारखी चकाकी, कुठे छतातून टपकता टपकता थिजलेले काळे थेंब. दगडात वायूच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं.

त्यामुळे एखाद्या जाहिरातीत बेलमला किंवा एखाद्या लेण्याला "लाव्हा केव्ह" म्हटलेलं दिसलं, तर समजा की आयोजकाचा गृहपाठच कच्चा आहे.

दख्खनमध्ये लाव्हा गुहा इतक्या कमी का?

आज शिल्लक असलेला दख्खनचा लाव्हा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तरीही गुहा कमी. त्याची कारणं एकाहून अधिक आहेत.

पहिलं कारण उताराचं. हवाईचा लाव्हा डोंगराच्या उतारावरून समुद्राकडे धावतो. दख्खनचा लाव्हा बऱ्याच ठिकाणी जवळपास सपाट प्रदेशावर पसरला. वर कवच, आत सतत येत राहणारा लाव्हा, त्यामुळे थर तव्यावरच्या फुलक्यासारखा फुगत गेला. पण उतार नसल्याने आतला लाव्हा बाहेर पडलाच नाही. तो जागच्या जागी थिजला. नळ्या झाल्याही असतील, पण भरलेल्या राहिल्या.

दुसरं कारण वजनाचं. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे थर चढत गेले. खालची एखादी पोकळी राहिलीच असेल, तर तिच्या छतावर शेकडो मीटर दगडाचा भार आला.

तिसरं कारण पाण्याचं. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने लहानमोठ्या पोकळ्यांत खनिजं भरली. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या खाणींत सापडणारे झिओलाइटचे आणि गारेचे सुंदर स्फटिक अशाच पोकळ्यांत वाढलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट तर जगभरातले खनिज-संग्राहक शोधत असतात. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी पोकळ्या नाहीशा झाल्या नाहीत, त्या भरून गेल्या.

चौथं कारण वयाचं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या प्रसिद्ध उंदारा लाव्हा नळ्या सुमारे १ लाख ९० हजार वर्षं जुन्या आहेत, आणि त्यांचंही छत ठिकठिकाणी कोसळलेलं आहे. आपला लाव्हा त्याच्या जवळपास साडेतीनशे पट जुना. इतक्या काळात छत टिकणं हीच नवलाची गोष्ट.

संशोधकांनी शोध सोडलेला नाही. दौंडजवळच्या उंचवट्या-उंचवट्यांच्या लाव्हा प्रवाहात नळ्यांचं जाळं असावं, अशी मांडणी २००४ साली एका शोधनिबंधात झाली होती. पण आपण आत शिरू शकतो अशी पोकळ गुहा वेगळी आणि दगडात ओळखू येणारी, भरून गेलेली नळी वेगळी.

घोरवडेश्वर: दार-भर रुंदीची गुहा

पुणे–लोणावळा लोकलने जाताना देहूरोड सुटलं, की बेगडेवाडी स्टेशनजवळ एक डोंगर दिसतो. हा घोरवडेश्वर, म्हणजेच घोराडेश्वर. पुणेकर आणि पिंपरी-चिंचवडकर इथे सकाळी चढायला जातात. महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. संत तुकाराम इथे एकांतात बसत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

या डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात एका स्त्रीच्या दानाची नोंद आहे. धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची ती पत्नी. तिचं नाव सिअगुठणिका. मुलगा नंद याच्यासह तिने हे लेणं दान दिलं. दाता राजा नाही, व्यापारी नाही. नांगर धरणाऱ्याच्या घरातली बाई आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही नोंद आजही दगडावर आहे.

याच डोंगरातल्या छोट्या लाव्हा गुहेचा अभ्यास पुण्यातल्या संशोधकांनी केला. तो २०१६ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ स्पीलिऑलॉजी' या गुहाशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दख्खनच्या लाव्हातल्या गुहेची ही पहिली सविस्तर नोंद असल्याचं त्यांनी म्हटलं आहे.

त्यांच्या मोजणीनुसार आतली वाट सुमारे २० मीटर लांब आहे. छत बुटकं. जास्तीत जास्त रुंदी १०८ सेंटिमीटर. आकार कुठे गोल, कुठे अर्धगोल. लाव्हाचा एक फुगलेला लोळ आतून रिकामा झाला आणि कवचाखाली ही छोटी पोकळी उरली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे दख्खनमध्ये जे क्वचित घडलं, ते इथे घडलं आणि टिकलंही.

आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला. अशा लाव्हा थरांत आधीपासून असलेल्या पोकळ्यांचा फायदा जुन्या काळच्या माणसांनी घेतला आणि त्यांना हवा तसा आकार देत लेणी कोरली. तसं असेल तर लाव्हाने सुरू केलेलं काम छिन्नीने पुरं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता प्रश्न येतो तुमच्या-आमच्या जाण्याचा. ही गुहा तिकीट काढून फिरायची जागा नाही. बुटक्या छताखाली, मीटरभर रुंदीच्या वाटेत एका वेळी दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. इथे कुणी "पन्नास जणांची ॲडव्हेंचर बॅच" नेली, तर एक तर कुणीतरी आत अडकेल, नाही तर सहा कोटी वर्षं टिकलेलं छत आणि भिंत एका रविवारी खरवडून निघेल. म्हणूनच या लेखात गुहेच्या तोंडाचा नेमका ठावठिकाणा दिलेला नाही. तुम्हीही रीलमध्ये तो टाकू नका. डोंगर, लेणी आणि पायऱ्या सगळ्यांसाठी आहेत. ही पोकळी अभ्यासकांसाठी राहू द्या.

परदेशात लहान गटाची सफर कशी होते?

जिथे गुहा मोठ्या आहेत, तिथे या सफरींची एक पद्धत बसली आहे. ती माहीत असली की आपल्याकडच्या कुठल्याही गुहेच्या सहलीला तीच फूटपट्टी लावता येते.

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर रौफारहोल्सहेलिर ही गुहा आहे. लांबी सुमारे १,३६० मीटर. इथे दोन प्रकारच्या सफरी असतात. एक तासाभराची, बांधलेल्या वाटेवरून. दुसरी काही तासांची, छोट्या गटाची, शेवटच्या टोकापर्यंत. त्या वाटेवर वरून पडलेल्या दगडांच्या राशींवरून हातापायांनी जावं लागतं.

आत शिरण्याआधी हेल्मेट आणि दिवा मिळतो. बूट तपासले जातात. गाइड सांगतो ते थोडक्यात असं: माझ्या पुढे जायचं नाही, शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. आत मध्येच एकदा सगळ्यांना दिवे बंद करायला सांगतात. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही असा अंधार शहरातल्या माणसाने बहुधा कधी पाहिलेलाच नसतो. दिव्याशिवाय तिथून बाहेर पडता येणार नाही, हे त्या मिनिटभरात पटतं.

गट लहान का? एक कारण सुरक्षेचं. गाइडला मागे वळून सगळे दिवे मोजता आले पाहिजेत. पाच-सात मोजता येतात. तीस मोजता येत नाहीत.

दुसरं कारण गुहेचं. चुनखडीच्या गुहेतला सुळका मोडला तर तो हजारो वर्षांनी का होईना, पुन्हा वाढू शकतो, कारण पाणी अजून ठिबकतंय. लाव्हा गुहेतला थेंब एकदाच टपकला, लाव्हा थिजता थिजता. तो मोडला तर कायमचा गेला. पुन्हा तिथे लाव्हा येणार नाही. आइसलँडच्याच विद्गेल्मिर गुहेला याच भीतीपोटी लोखंडी दार बसवावं लागलं. ऑस्ट्रेलियातल्या उंदारा नळ्यांमध्ये तर गाइडशिवाय जाताच येत नाही.

मोठ्या, नावाजलेल्या गुहाही धोक्याबाहेर नसतात. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरची मानजांगगुल ही गुहा जागतिक वारसा स्थळात मोडते. एकूण सुमारे ७.४ किलोमीटर लांबीपैकी पर्यटकांसाठी फक्त एक किलोमीटर वाट ठेवलेली. तरी २०२३ च्या अखेरीस प्रवेशाच्या भागात दगड पडले आणि ती बंद करावी लागली. धोका दिसताच बंद करण्याची तयारी असणं, ही चांगल्या व्यवस्थापनाची खूण.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. त्यानुसार जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणच्या साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. तेव्हा पहिला प्रश्न सरळ: तुमची नोंदणी आहे का? दाखवा.

मग पुढचे प्रश्न.

- गुहा कुठल्या प्रकारची आहे? "नैसर्गिक आहे" हे उत्तर पुरेसं नाही.
- एका गाइडमागे किती जण? सर्वांत मागे चालणारा जाणकार माणूस कोण?
- जागा कुणाची? वनखातं, पुरातत्त्व विभाग, देवस्थान की खासगी मालक? परवानगी आहे का?
- पावसाळ्यात नेता का? "हो, तेव्हाच तर मजा," असं उत्तर आलं तर नमस्कार करून मागे फिरा. पाऊस वाढला की पोकळीत पाणी शिरायला वेळ लागत नाही.
- आत जाण्याआधी, "इतक्या वाजेपर्यंत आम्ही बाहेर आलो नाही तर मदत बोलवा," असं बाहेर कुणाला सांगून जाता?
- प्रथमोपचार कोणाला येतात? जवळचं रुग्णालय किती अंतरावर?

तुमची स्वतःची तयारीही हवी. हेल्मेट, घट्ट पकडीचे बूट, पूर्ण बाह्या. उजेडाची तीन साधनं: एक डोक्यावर, दोन राखीव. मोबाइलचा टॉर्च या तिन्हींत धरायचा नाही, कारण तो हातात धरावा लागतो आणि हात तुम्हाला आधारासाठी लागतात.

आपल्याकडचे खास धोके

परदेशी व्हिडिओत जे दिसत नाही, ते आपल्याकडे असतं.

आग्या मोहोळ. कड्याकपारींत आणि लेण्यांच्या छताला ही पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, फटाके, ड्रोन यांनी माश्या उठतात. दरवर्षी ट्रेकर्सवर हल्ले झाल्याच्या बातम्या येतातच. पोळं दिसलं तर फोटोचा मोह सोडा, आवाज न करता मागे फिरा.

वटवाघळं. गुहा हे त्यांचं घर. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली, तर फुप्फुसाला बुरशीचा आजार होऊ शकतो. विष्ठेचा थर साचलेल्या बंद पोकळीत शिरू नका. हिवाळ्यात आणि पिल्लांच्या काळात तर त्यांना मुळीच त्रास देऊ नका.

हवा. विहिरीत उतरलेला माणूस गुदमरला आणि त्याला काढायला गेलेलाही गेला, अशी बातमी आपल्या गावाकडे कुणी ऐकली नाही असं नाही. एकच तोंड असलेल्या, खाली उतरत जाणाऱ्या पोकळीतही तसंच होऊ शकतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो. दम लागला, डोकं जड झालं तर "थोडं पुढे जाऊन बघू" म्हणायचं नाही. लगेच मागे फिरायचं.

आणि वणी–मुकुटबन पट्ट्यातल्या तरुणांसाठी एक वेगळी सूचना. या भागात कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणी आहेत. बंद पडलेल्या खाणीचं तोंड, जुना बोगदा, खचलेला खड्डा म्हणजे गुहा नव्हे. गुहेचं छत निसर्गात हजारो वर्षं तोललं गेलेलं असतं. खाणीचं छत टेकूवर उभं असतं आणि टेकू कुजतात. कोळशाच्या खाणीत मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. दोन्हींना वासही नसतो. व्हिडिओसाठी तिथे शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग जायचं कुठे?

मुकुटबन किंवा यवतमाळहून खऱ्या अर्थाने गाइडसोबत गुहा बघायची असेल, तर लाव्हा गुहेचा हट्ट सोडून बस्तरकडे बघा. जगदलपूरजवळच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसर ही चुनखडीची गुहा आहे. आत जायला स्थानिक गाइड बरोबर घ्यावाच लागतो. पावसाळ्यात ती बंद असते. आतल्या पाण्यात अंधाराला सरावलेले छोटे मासे राहतात. मुकुटबनचा दगडही चुनखडीचाच असल्याने, पाणी या दगडाचं काय करू शकतं ते तिथे डोळ्यांनी बघता येतं.

लाव्हा बघायचा असेल तर त्यासाठी अंधारात शिरायलाच हवं असं नाही. झरी-जामणीतले बसाल्टचे खांब उघड्यावर आहेत. पुण्याकडे असाल तर बेगडेवाडीला उतरा आणि घोरवडेश्वरच्या पायऱ्या चढा. लेण्यांच्या भिंतींत बारीक छिद्रं शोधा. कधीकाळी इथे वाहणाऱ्या लाव्हातून बाहेर पडू पाहणाऱ्या वायूचे ते बुडबुडे. दगड फोडू नका, नाव कोरू नका. सिअगुठणिकेचं नाव भिंतीवर आहे, कारण तिने ते लेणं दान दिलं होतं.

चुनखडी आणि बसाल्ट यांतला फरक घरीही तपासता येतो. रस्त्याकडेच्या सुट्या खड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तर चुनखडी फसफसते, बसाल्ट ढिम्म राहतो. व्हिनेगर वापरलं तर खडा थोडा खरवडून घ्या आणि जवळून बघा, बुडबुडे बारीक येतात. मात्र हा प्रयोग घरीच करायचा, लेण्यात किंवा गुहेत नाही.

तर "आपल्याकडे असं काही आहे का?" या कमेंटला उत्तर काय द्यायचं? आहे. पण ते बोगद्याएवढं नाही, दाराएवढं आहे. लाव्हा आपल्याकडे जगात क्वचितच कुठे असेल इतका आहे. त्यातल्या पोकळ्या मात्र थिजून, दबून, भरून किंवा कोसळून गेल्या. एखादी उरली आहे. तिला गर्दीची गरज नाही. पुढच्या वेळी ग्रुपवर "सीक्रेट लाव्हा केव्ह, फक्त ९९९ रुपये" असा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी वरच्या यादीतले प्रश्न आयोजकाला विचारा. उत्तरं मिळाली तर जा. नाही मिळाली तर पैसेही वाचतील आणि गुहाही.